तारखेप्रमाणे लावलेली अडतीस खोकी

९ मार्च

ताई,

पेन्सिलनं लिहिलंय म्हणून लगेच फेकून देऊ नकोस. मी काम करते तिथं आत पेन नेऊ देत नाहीत. शाई सांडली तर शंभर वर्षांचा कागद गेला, म्हणून सगळ्यांच्या हातात पेन्सिल. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीन दिवस तिच्या स्वयंपाकघरात नुसती जाऊन उभी राहत होते. शेवटी तीच म्हणाली, "पत्ता हवाय ना तुला? मग तोंड उघड की गं बाई!" मी उघडलं नाहीच. तिनं तरी दिला. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी काय? माझ्या तोंडून पहिला शब्द निघेपर्यंत समोरचा माणूस जेवून येतो.

आईनं कळवलं असेल, मी कामाला लागले. शहराचं अभिलेखागार, म्हणजे जुने कागद ठेवायची जागा. मी मदतनीस. टाचण्या काढायच्या, धूळ झटकायची, खोक्यांवर नंबर घालायचे. पाणीखात्यानं दिलेली दोनशे चौदा खोकी आहेत, सगळी नळाच्या तक्रारींची. 'आमच्याकडे पाणी लाल येते.' 'आमच्याकडे पाणी येतच नाही.' 'शेजारी येते व आमच्याकडे येत नाही, याची चौकशी व्हावी.' एका माणसानं चौदा वर्षं दर महिन्याला तक्रार केलीय. शेवटी शेवटी तर तो नळ तपासायला येणाऱ्या तपासनिसाच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागला.

कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादी करायची, तिला सूची म्हणतात. सूची नसली तर कागद असून नसल्यासारखा, कारण कुणाला मागताच येत नाही. एका संस्थेनं यासाठी निधी दिलाय. ३० जूनपर्यंत एकशेवीस खोकी. त्यात दोन माणसं धरलेली, एक अभिलेखपाल, म्हणजे हे शिकलेलं माणूस, आणि एक मदतनीस. मदतनीस लगेच मिळाली. शिकलेलं माणूस पाच महिने मिळालं नाही. तीनदा जाहिरात दिली. पहिल्यांदा कुणी फिरकलं नाही. दुसऱ्यांदा एक जण आला, पगार ऐकला, पाणी प्यायला आणि गेला. तिसऱ्यांदा बाई मिळाल्या, पण तोवर पाच महिने खोलीत मी एकटी.

आणि मी काम केलं, ताई. रिकामी बसले नाही. गठ्ठे सगळे वेडेवाकडे होते, एकेका गठ्ठ्यात बारा-बारा वर्षांचे कागद, मागचे पुढे, पुढचे मागे. मी सुतळ्या सोडल्या आणि सगळं तारखेप्रमाणे लावलं. अडतीस खोकी. इतकं सुंदर दिसत होतं! साहेब म्हणजे आमचे संचालक, ते दारात उभे राहून म्हणाले, "वा, ही मुलगी बोलत नाही, काम करते." असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

गेल्या सोमवारी बाई आल्या. बारीकशा, पांढऱ्या केसांच्या, निवृत्त झालेल्या. शिपाईकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "अभिलेखपाल आली. भिंतीवर बघून चाला." बाईंनी पहिलं खोकं उघडलं आणि बघतच राहिल्या.

"हे कुणी लावलं?"

शिपाईकाकांनी माझ्याकडे बोट केलं.

"गठ्ठे होते ना याचे? सुतळ्या कुठायत?"

मी कचऱ्याच्या टोपलीकडे बघितलं. बाई खुर्चीवर बसल्या, चष्मा काढला आणि डोळे चोळले. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला कुणी सांगितलं नव्हतं, ताई. सांगायला कुणी होतंच कुठं? बाईपण तेच म्हणाल्या, "तुझी चूक नाही, जागा न भरणाऱ्यांची आहे." तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून तुला लिहिलं.

मुंगी


२ एप्रिल

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी लिहिते.

काय बिघडवलं ते आता नीट कळलंय. तो जुना तपासनीस गठ्ठे तारखेचे बांधायचाच नाही, तो नळाचे बांधायचा. रस्त्याखालून एक नळ जातो, त्यावर जितकी घरं, तितक्यांच्या तक्रारी एका गठ्ठ्यात. प्रत्येक गठ्ठ्यात त्याची एक छोटी चिठ्ठी, तिच्यावर नळाचा नंबर आणि पुढं 'शि' नाहीतर 'लो'. शिशाचा नळ की लोखंडाचा. चिठ्ठी सांगते नळ कशाचा, पत्रं सांगतात नळ कुठला. सगळी पत्रंही नाही सांगत. लोक पत्ता लिहायचे 'न्हाव्याच्या दुकानावरचा मजला'. तो न्हावी मरून साठ वर्षं झाली. पण बारा पत्रांत एकानं तरी गल्लीचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्या एकावरून बाकीच्यांचा पत्ता लागतो. सगळी एकत्र असली तर.

मी काय केलं? चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती. म्हणून त्या सगळ्या काढून एका पाकिटात घातल्या. पाकिटावर छान अक्षरात लिहिलं, 'बिनतारखेचे'. चारशे बारा चिठ्ठ्या आहेत त्यात. कुठली कुठल्या गठ्ठ्यातली, देवालाही माहीत नाही.

हे कळलं कसं, तर गेल्या आठवड्यात पाणीखात्याची इंजिनीअर आली. तरुण आहे, तुझ्याएवढी, बुटांना चिखल. एका गल्लीत आठ मुलं आजारी पडली, रक्तात शिसं सापडलं. जमिनीखाली अजून जुने शिशाचे नळ आहेत, पण कुठल्या गल्ल्यांत ते कुणाला माहीत नाही, कारण त्यांचा नकाशा ऑफिस हलवताना हरवला. ती म्हणाली, "तुमच्याकडे तपासनिसाचे गठ्ठे आहेत असं ऐकलं. मला फक्त 'शि'वाले हवेत."

बाई म्हणाल्या, "होते."

"होते म्हणजे?"

"म्हणजे आहेत. पण आत्ता देता येत नाहीत."

"अहो बाई, मग मी काय करू? अख्खं शहर खणू?"

मी कपाटामागं उभी होते. एवढी मोठी खोली, आणि मला कपाटामागंच जागा सापडली.

ताई, मला राग कशाचा येतो सांगू? पाच महिने बाईंच्या जागेचा पगार कुणाला दिला नाही, तो शिल्लक राहिला. शिल्लक परत जाऊ नये म्हणून साहेबांनी त्याचा स्कॅनर आणला. केवढा थोरला! चालवायला माणूस नाही, कारण माणसाचे पैसे स्कॅनरला गेले. प्लास्टिक घालून ठेवलाय आणि शिपाईकाका त्याच्यावर डबा ठेवतात. मशीन आणलं की फोटो काढता येतो, पेपरात देता येतो. बाई खुर्चीत बसून दिवसभर कागद वाचतात, त्याचा काय फोटो काढणार? बाईंचा करारही फक्त १५ मेपर्यंत. दहा आठवडे! मी त्यांना विचारलं, तुम्ही का आलात? (हो, विचारलं. चिठ्ठीवर लिहून.) त्या म्हणाल्या, "घरी बसून शब्दकोडी सोडवायचा कंटाळा आला."

आई बरी आहे. तुझ्या खोलीत काही ठेवत नाही, झाडते फक्त.

मला माहितीय, माझं पत्र बघून तुला शाळाच आठवत असणार. मोठ्या बाईंनी मला प्रार्थनेच्या वेळी माईकसमोर उभं केलं आणि ही बोलेपर्यंत कुणी वर्गात जायचं नाही म्हणाल्या. सातशे मुलं पन्नास मिनिटं उन्हात. तू त्याच शाळेत शिकवत होतीस, तू तक्रार केलीस. समिती बसली. त्यांनी मला विचारलं, असं झालं का? आणि मी गप्प. बाकी कुणी शिक्षक पुढं आलं नाही. तुझी तक्रार खोटी ठरली, तुझी नोकरी गेली, तू निघून गेलीस. जाताना म्हणालीस, "एक 'हो' म्हणायचं होतं गं. एक."

मावशी अजून सगळ्यांना सांगते, पोर लाजाळू आहे, घाबरली बिचारी. आईपण तेच सांगते.

मुंगी


२४ एप्रिल

ताई,

एक गंमत सापडली. गंमत म्हणायची की काय कोण जाणे, पण मी दोन दिवस नीट जेवले.

तपासनीस गठ्ठा बांधायच्या आधी कोपऱ्यात दाभणानं दोन भोकं पाडायचा आणि त्यातून सुतळी ओवायचा. सगळे कागद एकावर एक ठेवून एकदमच. म्हणजे एका गठ्ठ्यातल्या सगळ्या कागदांची भोकं एकसारखी. आणि हातानं पाडलेली, त्यामुळे दुसऱ्या गठ्ठ्याची तशी नाहीत. कुठं जवळ, कुठं लांब, कुठं तिरकं, कुठं थोडं फाटलेलं. चिठ्ठीलाही तीच भोकं!

मी खिडकीशी उभी राहून एक चिठ्ठी पत्रावर धरली. जुळली नाही. दुसरी. नाही. एकतिसावी जुळली, ताई! दोन्ही भोकांतून उजेड आरपार आला. माझ्या तोंडून "अय्या" निघालं, तेही मोठ्यानं. शिपाईकाका धावत आले, त्यांना वाटलं उंदीर.

बाईंनी भिंग घेऊन बघितलं, परत बघितलं. म्हणाल्या, "चाळीस वर्षं हे काम केलं, भोकं कधी वाचली नाहीत." मग लगेच, "हुरळून जाऊ नकोस. अडतीस खोकी आहेत."

तर आता बाई नवीन खोकी करतात, बरोबर पद्धतीनं, गठ्ठा न मोडता. आणि मी माझी मोडलेली जुळवते. एका खोक्याला दोन दिवस लागतात, कधी तीन. डोळे चुरचुरतात. तरी जमतंय.

काल साहेब आले. तिमाही अहवाल पाठवायचा होता.

"किती झाली?"

बाई म्हणाल्या, "माझी पंधरा. हिची जुळवून झालेली तीन. अठरा."

"अठरा? मागच्या अहवालात आपण अडतीस कळवली होती!"

"ती तुम्ही कळवली होती. ती झालेली नव्हती, बिघडलेली होती."

साहेब हसले, पण कसे, दात दुखताना हसतात तसे. "बाई, निधीवाल्यांच्या तक्त्यात दोन रकाने आहेत. झाली आणि राहिली. 'बिघडली' असा रकाना नाही. मागं गेलेला आकडा मी कुठल्या तोंडानं दाखवू?"

"याच."

मला हसू आलं आणि मी टाचणी गिळता गिळता राहिले. पण साहेबांनी अडतीस अधिक पंधरा, त्रेपन्न लिहून पाठवले. बाई तडक पुढचं खोकं उघडून बसल्या.

आणि साहेब काही वाईट नाहीत गं. छत गळतं म्हणून स्वतः बादल्या लावत फिरतात. पण आकडा नाही दाखवला तर पुढचा निधी नाही, आकडा दाखवला तर माणूस कशाला हवं म्हणतात. कुणाच्या नावानं बोटं मोडायची तेच कळत नाही.

मुंगी


१७ मे

ताई,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. आईनं आणून दिलं. मी तिला दाखवलं नाही.

'मुंगी, तुला खरंच कुणी सांगितलं नव्हतं? हो किंवा नाही, एवढंच लिही.'

तू मास्तरीणच राहणार. वहीचं पहिलं पान बघून कुणाची नक्कल केलीय ते सांगायचीस.

एवढंच लिही म्हणालीस, पण मला एवढंच जमणार नाही.

पेन्सिलींच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. कितीतरी वर्षांपूर्वी जे कुणी अभिलेखपाल होते, त्यांनी लावलेला. वर मोठ्या अक्षरात, 'गठ्ठ्याचा क्रम बदलू नये. सुतळी सोडण्यापूर्वी कागदांना नंबर घालावेत.' मी तो वाचला तेव्हा माझी नऊ खोकी झाली होती.

नऊ, ताई. अडतीस नाही. तिथं थांबले असते तर पंधरा दिवसांत निस्तरलं असतं. पण थांबायचं म्हणजे साहेबांना जाऊन सांगायचं, ही नऊ चुकली. आणि आदल्याच दिवशी ते 'वा' म्हणाले होते. मी कपाटाचं दार लावलं. मनाला सांगितलं, हा कागद दुसऱ्या कसल्यातरी खोक्यांसाठी असेल. मग आणखी एकोणतीस लावली. पेन्सिल हवी असली की दार अर्धंच उघडायचे.

उत्तर: सांगितलं होतं.

बाई परवा गेल्या. करार संपला, वाढवला नाही. 'निधी उपलब्ध नाही', शिक्का मारलेला कागद आला. त्यांची तेवीस खोकी झाली. जाताना त्यांनी निधीवाल्यांसाठी चार पानी पत्र लिहून ठेवलं. कायमचा अभिलेखपाल नेमला नाही तर असंच होणार, म्हणून. मला वाचायला दिलं. त्यात लिहिलंय, 'मदतनीस मुलीला कोणतीही सूचना उपलब्ध नव्हती. दोष तिचा नाही.'

मी वाचलं आणि परत दिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आत्ता सांगावं. त्या म्हणाल्या, "भिंग राहू दे तुझ्याकडे," आणि पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या, जिन्यापर्यंत गेल्या. मी खिडकीतून बघत राहिले. हाक मारायला काय लागतं? श्वास घ्यायचा आणि सोडायचा.

आता कळलं का कसं झालंय ते? बाईंचं सगळं भांडण माझ्या खोटेपणावर उभं आहे. मी खरं सांगितलं तर बाईंच्या जागेसाठी जी एक गोष्ट आहे सांगण्यासारखी, तीच ढासळते. नाही सांगितलं तर... ते तुला माहितीय काय होतं.

इंजिनीअरचा फोन रोज येतो. शिपाईकाका उचलतात आणि म्हणतात, "चाललंय, चाललंय." माझी आठ खोकी जुळवून झालीत.

मुंगी


११ जून

ताई,

घाईत लिहितेय. निधीवाले वीस तारखेला बघायला येणार. दोन जण. साहेबांनी भिंत रंगवून घेतली, स्कॅनरवरचं प्लास्टिक काढलं. शिपाईकाकांना डब्यासाठी नवी जागा शोधावी लागली, म्हणून ते चिडलेत.

साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. मला खुर्ची दिली की भीतीच वाटते.

"हे बघ," म्हणाले, "तुझी अडतीस आणि बाईंची तेवीस, एकसष्ट. आपण एकसष्ट सांगणार. ते विचारतील तर मान हलवायची, बस्स. तुला बोलायचं नाहीये, काळजी करू नकोस."

मी मान हलवली. म्हणजे हो अशी नाही, नुसती हलली.

"शाबास. एकसष्ट दाखवले तर एक वर्ष वाढवून मिळेल. मी तुझी जागा तशीच ठेवेन. दहावी नाही तरी बघू काहीतरी."

माझी आजवर चौदा जुळलीत. तेवीस आणि चौदा, सदतीस. आणि चोवीस खोकी अजून तशीच, वरून सुंदर, आतून काही नाही. एकसष्ट छापलं की ती चोवीस परत कुणी उघडणार नाही. झालेली खोकी कोण उघडतं? गोदामात जातील. त्यांत कितीतरी 'शि' असतील.

दहावी नाही तरी बघू. किती गोड बोलतात ना. मला हे आधी कुणीतरी बोललंय असं वाटत राहिलं दिवसभर.

मुंगी


३० जून

ताई,

आज शेवटचा दिवस. किल्ली देऊन आले. हे घरी बसून लिहितेय, पेननं.

वीस तारखेचं सांगते. निधीवाल्यांकडून एक बाई आणि एक तरुण माणूस आले. तो फोटो काढत होता, स्कॅनरचे. साहेबांनी एकसष्ट सांगितलं. त्या बाईंनी माझ्याकडे बघून सहज विचारलं, "तू केलीस का यातली?"

साहेबांनी मान हलवली, माझ्या वतीनं.

मी म्हटलं, "अडतीस केली. चुकीची."

आवाज एवढा बारीक आला की त्या पुढं वाकल्या. "काय म्हणालीस, बाळ?"

मग मला परत म्हणावं लागलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त कठीण असतं, ताई, हे कुणी सांगत नाही. "अडतीस चुकीची केली. सोळा परत जुळवली. सगळी मिळून एकोणचाळीस झालीत. एकसष्ट नाही." साहेबांचा चेहरा बघायची हिंमत नव्हती, मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. एका बुटाला भिंतीचा रंग लागला होता.

त्या निधीवाल्या बाईंनी आमच्या बाईंचं पत्र काढलं. "यात तर लिहिलंय, तुला सूचनाच नव्हती."

"होती. कपाटाच्या दारावर. मी नऊ खोक्यांनंतर वाचली. तरी केलं."

त्या उठल्या, कपाट उघडलं, कागद वाचला. मग ज्याची मला भीती होती तेच म्हणाल्या. "म्हणजे सूचना लिहिलेली होती. मग पूर्णवेळ अभिलेखपाल नेमून काय वेगळं झालं असतं?"

ताई, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मला राग येतो हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कागदाला काही दिसत नाही. मी तो वाचून दार लावलं, तर तो काय करणार? इथं माणूस असतं तर त्यानं माझं तोंड बघूनच विचारलं असतं, काय गं, काय केलंस? मग मी सांगितलं असतं. नसतं सांगितलं तरी त्यानं खोकं उघडून बघितलं असतं. बाईंनी बघितलंच ना, आल्या आल्या, पहिल्या दिवशी!"

एवढं लांब मी आयुष्यात बोलले नव्हते. शेवटी ठसका लागला. शिपाईकाका पाणी घेऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "घ्या. मुकी म्हणे."

त्यांना भोकं दाखवली. खिडकीशी धरून. त्या बाईंनी एक चिठ्ठी स्वतः जुळवून बघितली, अर्धा तास लागला त्यांना.

निकाल परवा आला. पुढचा निधी 'विचाराधीन'. जुळवायच्या कामाला त्यांच्या नियमात पैसे नाहीत, स्कॅनरसाठी मिळतील. बाईंच्या जागेचं काही नाही. माझी जागा संपली. साहेब आठ दिवस आमच्या खोलीकडे फिरकले नाहीत. आज किल्ली घेताना म्हणाले, "खरं बोललीस ते ठीक. पण त्या बावीस खोक्यांचं काय करू, ते पण सांगून जा." ते चिडून नव्हते बोलत, दमून बोलत होते. त्या बावीसांवर मी पट्ट्या चिकटवल्यात, 'क्रम मोडलेला आहे, झालेले समजू नये', खाली माझी सही आणि तारीख. साहेबांनी काढल्या नाहीत.

आमच्या बाईंना फोन केला. मी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला त्या पत्रात खोटं लिहायला लावलंस." म्हटलं, हो. फोन ठेवला त्यांनी. जुळलेल्या खोक्यांतून इंजिनीअरला सात गल्ल्या मिळाल्या, शिशाच्या. तिनं खणायला सुरुवात केलीय. बाकीच्या त्या बावीसांत आहेत.

आता तू न विचारलेलं सांगते.

समितीच्या दोन दिवस आधी मोठ्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाल्या, "तुझी गणित आणि इंग्रजी दोन्ही गेलीत. एक वर्ष वाया जाईल. पण बघू काहीतरी. समितीपुढं तुला काही बोलायचं नाहीये, ते तर तुला जमतंच." मी मान हलवली. त्या वेळी हो अशीच हलवली.

मी घाबरले नव्हते, ताई. समितीतल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी किती हळू विचारलं होतं. मला 'हो' म्हणता आलं असतं, ओठांवर होतं. मी नववी पास व्हायला गप्प बसले. पास झाले. दहावीच्या वर्गात अकरा दिवस बसले. तुझ्या तासाला नव्या बाई यायच्या, तुझ्याच खुर्चीत बसायच्या. बाराव्या दिवसापासून गेले नाही. सगळे म्हणाले, लाजरी आहे, शाळा झेपली नाही. मी म्हणू दिलं. लाजाळू असण्याचा हा एक फायदा असतो, लोक आपली कारणं आपणच बनवून देतात.

हे सगळं समितीच्या अध्यक्षांना लिहून दिलंय. काल स्वतः गेले, सही केली, पोच घेतली. कारकून म्हणाला, दीड वर्षापूर्वीचं प्रकरण आहे, फाइल बंद झालीय. मी म्हटलं, मग उघडा. तिथून हलले नाही. त्यानं उघडली. आईलाही सांगितलं. ती उठून गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा पिळायला लागली.

तुझी नोकरी यानं परत येणार नाही, मला कळतं. माफी मागायला हे लिहिलेलं नाही. दीड वर्ष तू माझ्यावर चुकीच्या कारणासाठी रागावली होतीस, मी भित्री आहे म्हणून. आता बरोबर कारणासाठी रागव.

मुंगी